शिल्लक कुठे संपते आणि बाकी कुठे सुरू होते?

साखरपेठ

आमच्या घरी आजोबांच्या हिशेबाच्या काही चोपड्या जपून ठेवलेल्या आहेत. आजोबा स्वतः मागावर बसत नसत. ते सूत विकत घेऊन सोलापुरातल्या मागवाल्यांना तोलून देत, तयार लुगडी तोलून परत घेत आणि चाटी गल्लीतील दुकानांत पोचवत. या चोपड्या वाचताना असे लक्षात आले की एकाच सुताबद्दल, एकाच ओळीत, ते दोन वेगवेगळे शब्द वापरतात. नमुन्यादाखल एक ओळ देते : ‘सूत वीस नंबरी, शिल्लक पौंड १२’, आणि त्याच ओळीच्या उजव्या टोकाला ‘बाकी पौंड ४’. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘उरलेले’ असाच आपण धरतो. घाईत कधी हा, कधी तो शब्द पडला असेल असे म्हणावे, तर पानोपानी हीच रीत आहे आणि कुठेही अदलाबदल नाही. काही खात्यांवर ‘फाजील’ हा तिसरा शब्दही येतो.

म्हणून हा धागा काढते आहे. उरलेल्या गोष्टीसाठी आपल्याकडे शिल्लक, बाकी, शेष, अवशेष, उर्वरित, उष्टे, शिळे असे इतके शब्द का आहेत, ते कुठून आले आणि त्यांच्यात खरोखर फरक आहे का, हे जाणकारांनी सांगावे. परके शब्द हाकलावेत की ठेवावेत हा वाद कृपया इथे नको; तो अन्यत्र भरपूर झालेला आहे.

कीर्दखतावणी

माझी नोकरी सूतगिरणीच्या हिशेब खात्यात गेली, त्यामुळे तुमच्या आजोबांची ओळ मला लगेच उलगडली. बारा पौंड सूत त्यांच्या स्वतःच्या फडताळात होते, म्हणून ती शिल्लक. चार पौंड सूत मागवाल्याकडे गेले होते आणि त्याच्या बदल्यात कापड अजून आले नव्हते, म्हणून ती बाकी. जे आपल्या हातात आहे आणि मोजून दाखवता येते ते शिल्लक. जे हिशेबाने आपले आहे, किंवा आपण दुसऱ्याचे देणे लागतो, पण ज्याची हातबदल अजून व्हायची आहे, ती बाकी. कीर्दीत ‘आरंभीची शिल्लक’ आणि ‘अखेरची शिल्लक’ असते, तिथे कोणी ‘आरंभीची बाकी’ लिहीत नाही. याउलट ‘येणे बाकी’, ‘देणे बाकी’ आणि ‘थकबाकी’ असते. ‘थकशिल्लक’ हा शब्द कोणी ऐकला असेल तर सांगावे.

फाजील म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त. मागवाल्याने घेतलेल्या सुताच्या मानाने जास्त वजनाचे कापड आणून दिले, तर वरचे वजन त्याच्या नावावर फाजील पडते. कापडाला खळ असते आणि दमट हवेत सुताचे वजनही वाढते, त्यामुळे असे होण्यात नवल काही नाही. मात्र अशा फाजील वजनाकडे कोणताही व्यापारी संशयानेच पाहील.

पूर्वभाग

कीर्दखतावणी यांनी केलेला भेद आमच्या तेलुगूत आणखी ठळक दिसतो. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलतो. तेलुगूत ‘बाकी’ म्हणजे थेट कर्ज. ‘त्याची माझ्याकडे बाकी आहे’ याचा अर्थ त्याचे पैसे मी देणे लागतो एवढाच. उरलेल्या वस्तूला आम्ही बाकी म्हणत नाही, तिथे ‘मिगिलिन’ हा आमचा स्वतःचा शब्द आहे. परभाषेतून घेताना आम्ही ‘बाकी’ घेतली ती पेढीवरून घेतली, स्वयंपाकघरापर्यंत ती आलीच नाही.

बाळीवेस

कन्नडमध्येही ‘बाकी’ आहे आणि विशेष म्हणजे ‘शिल्कु’ हा शब्दही आहे, अर्थ तोच, हिशेबातील शिल्लक. मला पुढचा प्रश्न असा पडतो की आपले ‘उरणे’ हेसुद्धा कन्नडमधून आले असेल का. कन्नडमध्ये उरणे याला ‘उळि’ असा धातू आहे आणि ‘उळिद’ म्हणजे उरलेले. सोलापूरसारख्या गावात, जिथे माणूस एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाताना भाषा बदलतो, तिथे हे सहज घडू शकते. आमच्या माहेरच्या बोलीत दोन्ही रूपे इतकी शेजारी आहेत की लहानपणी मला ती एकच वाटत.

धातुपाठ

‘उरणे’ आणि ‘उळि’ यांचे साम्य कानाला पटणारे आहे, पण व्युत्पत्तीच्या दृष्टीने टिकणारे नाही. पहिली अडचण ‘ळ’ची आहे. मराठीला ळ हा वर्ण परका नाही. तो आपण जपून ठेवलेला आहे, इतका की संस्कृतातील कित्येक ‘ल’ आपण ‘ळ’ केले. कन्नडमधील ‘उळि’ आपण उचलला असता, तर त्याचा ‘र’ करण्याचे काहीच कारण नव्हते. दुसरे म्हणजे प्राकृतात ‘उव्वरइ’ हे क्रियापद आणि ‘उव्वरिअ’, म्हणजे शिल्लक राहिलेले, हे रूप मिळते आणि हिंदीतील ‘उबरना’, म्हणजे संकटातून वाचणे, हे त्याच कुळातले आहे. वाचणे आणि उरणे हे अर्थ किती जवळचे आहेत हे वेगळे सांगायला नको. ‘शेजाऱ्यांचे सगळे जळाले, आमचे उरले’ या वाक्यात दोन्ही अर्थ एकदमच बोलतात.

याच ‘उव्वरिअ’वर संस्कृतचा साज चढून ‘उर्वरित’ झाला असावा, असे माझे मत आहे. संस्कृतात ‘उर्वरा’ म्हणजे सुपीक जमीन. तिच्याशी याचा काही संबंध नाही. मराठीत मात्र ‘उर्वरित’ने कचेरीत पक्के घर केले. १९९४ मध्ये राज्यात तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. सोलापूर तिसऱ्या मंडळात गेले, म्हणजे सरकारी कागदावर आपण सगळे ‘उरलेले’ आहोत. त्याच उर्वरितात मुंबई आणि पुणेही आहेत, हे समाधान मानून घ्यावे.

आता ‘शेष’. याच्या मुळाशी ‘शिष्’ हा धातू आहे, उरणे किंवा उरवणे या अर्थाचा, आणि या एका धातूने मराठीला जेवढे शब्द दिले तेवढे क्वचितच कोणी दिले असतील. अवशेष, अवशिष्ट, परिशिष्ट, निःशेष आणि अशेष हे सरळ आहेत. ‘नामशेष’ अधिक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण त्यात शेष असूनही अर्थ संपूर्ण नाशाचा आहे. फक्त नाव उरले, वस्तू गेली. ‘विशेष’ त्याच घराण्यातला आहे, इतरांपासून वेगळे काढून ठेवलेले असा त्याचा भाव आहे. त्यामुळे आपण रस्त्यात भेटल्यावर सहज ‘बाकी काय विशेष?’ असे विचारतो, तेव्हा अरबी ‘बाकी’ आणि संस्कृत ‘विशेष’ हे दोन्ही उरण्याच्याच अर्थाच्या मुळांतून निघालेले शब्द एकामागोमाग उच्चारत असतो.

व्याकरणातही शेष आहे. पाणिनीने कारकांचे नियम सांगून झाल्यावर षष्ठी विभक्ती ‘शेषे’ सांगितली, म्हणजे आधीच्या नियमांत जे बसले नाही ते सगळे षष्ठीच्या पदरात. ‘एकशेष’ हा दुसरा प्रकार. माता आणि पिता मिळून ‘पितरौ’ म्हणताना दोनपैकी एकच शब्द मागे राहतो. गणितात आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ग्रंथात भागाकारात उरणाऱ्या संख्येला ‘अग्र’ म्हटले आहे. शेष हा शब्द नंतरच्या गणितग्रंथांत सर्रास आहे आणि आपल्या शाळेत मात्र भागाकाराखाली ‘बाकी’ आली.

चाटीगल्ली

आमच्या दुकानात ताग्याच्या शेवटी उरतो तो कटपीस. त्याला शिल्लक म्हणत नाहीत आणि बाकीही म्हणत नाहीत. शिल्लक म्हटले की पूर्ण ताग्यांची मोजदाद. एवढीच भर.

कीर्दखतावणी

धातुपाठ यांनी भागाकारातील बाकीचा उल्लेख केला, तेव्हा माझ्या वरच्या भेदाला तो अपवाद वाटेल, म्हणून लिहितो. शाळेतील अंकगणितात ‘बाकी’ बहुधा वजाबाकीच्या वाटेने आली. ‘वजा’ हा अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ ठेवणे, खाली काढून ठेवणे. आणि ‘बाकी’ म्हणजे त्यानंतर राहणारे. रकमेतून वजा काय झाले आणि बाकी काय राहिली, हा वसुलीचा प्रश्न होता, गणिताचा नंतर झाला. शेतसाऱ्याच्या हिशेबात ठरलेल्या रकमेतून आलेला वसूल वजा करायचा आणि जे निघेल ते कुळाकडून यायचे. म्हणजे तिथेही ती बाकी कोणाच्या तरी दारात उभी असलेलीच आहे. जमा, खर्च, वसूल, बाकी, फाजील हे सगळे एकाच कचेरीतून आपल्याकडे आलेले शब्द आहेत.

सीनाकाठ

मी शेतकरी आहे, पेढीची आणि कचेरीची भाषा मला परकी, पण रानात उरणाऱ्या गोष्टींना आमच्याकडे जेवढी नावे आहेत तेवढी तुमच्या चोपडीत नसतील. ज्वारी काढून कडबा बांधून झाला की जमिनीत जे बुडखे राहतात ती धसकटे. मळणीनंतर राहते ते भुसकट. ऊस तुटून गेला की रानभर पसरते ते पाचट, आणि रस निघून गेलेले ते चिपाड. मात्र उसाचे खोड ठेवून त्यालाच पुन्हा फुटवा येऊ दिला तर तो खोडवा होतो, आणि त्याच्याही पुढचे पीक घेतले तर निडवा. म्हणजे धसकट आणि खोड, दोन्ही कापणीनंतर राहिलेले बुडखेच, पण ज्यातून पुन्हा काही येणार आहे त्याला आम्ही पिकाच्याच यादीत धरतो आणि ज्यातून येणार नाही ते कुळवून बाहेर काढतो.

सर्वांत मोलाचा शब्द ‘सरवा’. शेंगा काढून झाल्यावर मातीत चुकून राहिलेल्या शेंगा, किंवा काढणीत गळालेली कणसे, यांना सरवा म्हणतात. सरवा वेचायला येणाऱ्या बायापोरांना मालक सहसा अडवत नसे. मालकाच्या दृष्टीने पीक निघाले, हिशेब संपला. त्यानंतर रानात जे आहे ते ना त्याची शिल्लक, ना कोणाकडची बाकी.

यावरून सुचलेले एक विचारतो. आमच्या गावच्या कीर्तनकारांनी एकदा सांगितले होते की शेतात पडलेली कणसे वेचण्याला संस्कृतात ‘शिल’ म्हणतात आणि त्यावर जगणारे ब्राह्मण असत. मग ‘शिल्लक’ त्या ‘शिल’वरून आला असेल का?

धातुपाठ

कीर्तनकारांनी ‘शिल’बद्दल सांगितलेले बरोबर आहे. एकेक दाणा वेचणे म्हणजे उंछ आणि कणसे वेचणे म्हणजे शिल, असा भेद धर्मशास्त्रात केलेला आहे आणि ‘शिलोंछवृत्ती’ हा शब्द त्यावरूनच आला. सरव्याला इतके अचूक संस्कृत नाव असणे मला स्वतःला फार आवडते. पण ‘शिल्लक’ त्यावरून काढता येणार नाही. मधल्या काळातील प्राकृतात तसे रूप मिळत नाही, आणि शब्द वावरतो तो शेतात नव्हे तर जमाखर्चात, जमा-खर्च-वसूल या अरबी सोबत्यांच्या मेळ्यात. त्याचे ‘शिलक’ हे जुने रूपही आढळते आणि बाळीवेस यांनी दिलेला कन्नड ‘शिल्कु’ त्याच्याशी तंतोतंत जुळतो. कोशकार तो अरबी ‘सिल्क’शी जोडतात. अरबीत ‘सिल्क’ म्हणजे दोरा, ज्यात मणी ओवतात तो. आजची अखेरची शिल्लक उद्याची आरंभीची शिल्लक होते आणि असा दिवसाला दिवस जोडला जातो, हे पाहता दोऱ्यापासून शिलकेपर्यंतचा अर्थाचा प्रवास मला तरी अवघड वाटत नाही.

पुरातत्त्वात मात्र शिल्लक चालत नाही, तिथे ‘अवशेष’च हवा. भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कूडल येथील देवळांना आपण अवशेष म्हणतो, जिथे शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. ‘कूडलला दोन देवळे शिल्लक आहेत’ असे म्हटले की मोजणी झाली. ‘कूडलला देवळांचे अवशेष आहेत’ म्हटले की जे गेले तेही वाक्यात आले.

उष्टावण

इथे सगळी चर्चा पेढीवर आणि रानात चालली आहे, म्हणून स्वयंपाकघराकडून लिहिते. पुष्कळांचा समज असा की ओठ लागला म्हणून ‘उष्टे’. ओष्ठ आणि उष्टे यांचा संबंध नाही. ‘उच्छिष्ट’ या शब्दाचे ते घासून झालेले रूप आहे, उद् अधिक शिष्ट, म्हणजे धातुपाठ यांचाच शिष् धातू. शब्दात मुळात फक्त ‘मागे राहिलेले’ एवढेच होते. तोंड लागल्याचा विटाळ वापराने त्यात आला. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात तर उच्छिष्टावर एक अख्खे सूक्त आहे, ज्यात सगळे विश्व उच्छिष्टावर आधारलेले म्हटले आहे. ते यज्ञातून उरलेले उच्छिष्ट, ताटातले नव्हे, हे खरे. पण आपल्या घरांतही या शब्दाची एक मंगल बाजू आहेच : बाळाला पहिला घास भरवण्याच्या समारंभाला आपण ‘उष्टावण’ म्हणतो, आणि माझे इथले नाव तिथूनच घेतले आहे.

‘शिळे’चा शिष् धातूशी संबंध नाही. ते ‘शीतल’पासून आले, म्हणजे थंड झालेले. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला आपण शिळासप्तमीही म्हणतो, आदल्या दिवशी रांधून त्या दिवशी चूल न पेटवता थंड अन्न खातो. देवीचे नाव आणि अन्नाची अवस्था एकाच शब्दात आली. रात्रीची भाकरी सकाळी शिळी होते, उष्टी होत नाही, हा भेद आमच्या घरी फार काटेकोरपणे पाळला जाई. शिळ्या भाकरीचे कुटके कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी देऊन सगळे आवडीने खात. उष्ट्या भाकरीचा तुकडा मात्र थेट गुरांच्या पाटीत जाई. उरलेल्यावर कोणाचा हात, कोणाचे तोंड लागले, यावर त्याचे पुढचे सगळे ठरते.

देवाच्या बाबतीत हेच उलटे होते. देवापुढचे नैवेद्याचे ताट उष्टे होत नाही, प्रसाद होतो. उतरवलेली फुले निर्माल्य होतात आणि ती कोणी पायदळी येऊ देत नाही. संस्कृतात देवावरून उतरलेल्या फुला-अक्षतांना ‘शेषा’ असा स्वतंत्र शब्द होता. लग्नात कपाळाला कुंकू-अक्षता लावून ‘शेस भरतात’, ती शेस हीच.

पूर्वभाग

उष्टावण यांनी फुलांचा विषय काढला म्हणून आठवले. उष्ट्याला तेलुगूत ‘एंगिली’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘एंजलु’. आमच्या बतुकम्मा सणाचा पहिला दिवस भाद्रपद अमावास्येचा, त्याचे नावच ‘एंगिली पूला बतुकम्मा’, शब्दशः ‘उष्ट्या फुलांची’. याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की त्या दिवशीची फुले आदल्या दिवशी तोडून रात्रभर पाण्यात ठेवलेली असतात. म्हणजे मराठीच्या हिशेबाने ती ‘शिळी’ झाली, पण तेलुगूत एंगिलीच. उष्टे आणि शिळे यांच्यामधली जी भिंत मराठी स्वयंपाकघरात इतकी पक्की आहे, ती या नावात तरी नाही.

बाळीवेस

धातुपाठ यांचे ळ-कारावरचे उत्तर पटले. एक पुरवणी : मराठीत वाक्याच्या सुरुवातीला जो ‘बाकी’ येतो, ‘बाकी, पोरगी हुशार हो’, तो कन्नडमध्ये तसा ऐकू येत नाही. हा मराठीने अरबी शब्दाला स्वतः लावलेला गुण दिसतो, सगळे बोलून झाल्यावर मनात जे राहिले ते असे म्हणण्याचा. आणि ‘फाजील’चेही तसेच. उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे फाजिल म्हणजे विद्वान, मराठीत आगाऊ. दोघांच्या मुळाशी जास्त असणेच आहे.

साखरपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चोपड्या पुन्हा उघडून कीर्दखतावणी यांचा नियम लावून पाहिला आणि तो सर्वत्र बसतो. त्या नादात चौथा शब्द सापडला, जो मी आधी शब्द म्हणून मोजलाच नव्हता : ‘राहिले’. ‘लुगडी ६, काठ भरणे राहिले’ असे तिथे लिहिले आहे. त्यावरून जाणवले की आपण बोलतानाही ‘भाकरी उरली’ आणि ‘भाकरी करायची राहिली’ यांत कधी गफलत करत नाही. काम झाल्यानंतरचे ते उरते, काम होण्याआधीचे ते राहते. ‘काठ भरणे उरले’ असे आजोबा लिहूच शकले नसते.

आता एक व्यवहारातला प्रश्न. या चोपड्यांची पाने मी चित्रित करून त्याखाली आजच्या वाचकासाठी दोन ओळींचा खुलासा लिहिणार आहे. ‘बाकी’साठी काय लिहावे? काही खात्यांत बाकीच्या आकड्यावर आडवी रेघ मारली आहे आणि पुढे कापडाची नोंद नाही.

कीर्दखतावणी

‘शिल्लक’पुढे ‘घरी असलेले सूत’ आणि ‘बाकी’पुढे ‘मागवाल्याकडून येणे असलेले सूत’ असे लिहा, वाचकाला पुरेसे होईल. रेघ मारलेल्या आकड्यांच्या बाबतीत घाई करू नका. पुढच्या वर्षाच्या चोपडीत त्याच मागवाल्याचे खाते उघडून पाहा. तोच आकडा तिथे पहिल्या ओळीत ‘मागील बाकी’ म्हणून आला असेल, तर रेघ म्हणजे फक्त पुढे ओढल्याची खूण. आला नसेल आणि खातेही नसेल, तर चोपडीच्या शेवटच्या पानांत ‘बुडीत’ असे सदर शोधा. ते सापडले, तर खाली ‘येणे असलेले, पण न आलेले सूत’ असे लिहावे लागेल.